श्रावणातल्या घशाच्या गोळ्या : एका सप्ताहासाठी केलेले चार घाणे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं जांबोटीच्या अंगाचं एक गाव. श्रावणात देवळात अखंड हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यावर जागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून दोन-दोन तासांचे पहारे. गळ्यावर खरा भार पडतो तो अठरा जणांच्या. बाहेर पावसाची धार, आत उदबत्ती आणि समईचा धूर, त्यात लाईट गेली की माईक मुका. मग मृदंगाच्या वर आवाज काढायचा तो नुसत्या गळ्यानं. तिसऱ्या दिवसापर्यंत निम्म्यांचे आवाज बसलेले असतात.

सप्ताहाच्या स्वयंपाकाचा भार ज्या घराकडे होता, त्या घरातल्या दोघी जावांनी यंदा औषधाच्या दुकानातल्या गोळ्या न आणता घरीच करायचं ठरवलं. हिशोब सरळ होता : माणशी दिवसाला ४ गोळ्या, १८ माणसं, ७ दिवस, म्हणजे ५०४. घरात गूळ होता, परसात अडुळसा आणि तुळस होती, उरलेलं सामान बेळगावच्या रविवार पेठेतून आलं. तिथं दुकानदार कानडी असला तर ज्येष्ठमधाला ‘अतिमधुर’, बेहड्याला ‘तारेकाई’ आणि अडुळशाला ‘आडुसोगे’ म्हणायचं, म्हणजे चुकीची पुडी हातात येत नाही.

ज्येष्ठमध पूड न घेता काड्याच घ्याव्यात. गुंजेची मुळी ज्येष्ठमध म्हणून खपवली जाते, आणि पूड झाल्यावर ती ओळखू येत नाही. गुंजेचा पाला गाणारी मंडळी विड्यात घालून खातात, तो गोड असतो, ती वेगळी गोष्ट. पण तिची लालकाळी बी जहाल विषारी. गुंजेचं काही घरात आणायचंच असेल तर पाल्याबरोबर एकही शेंग येऊ देऊ नये.

तीन घाणे बिघडले, चौथा जमला. बिघाड तिन्ही वेळा वेगळा दिसत होता, पण तिघांतही दोष औषधाचा नव्हता, पाण्याचा होता. कुठे ते पाकात राहिलं, कुठे ते काढायच्या घाईत पाक जळला, कुठे बाहेरून आत आलं.

पहिला घाणा : सकाळी डब्यात ढेप

अर्धा किलो गूळ, वाटीभर अडुळशाचा आणि तुळशीचा ताजा रस, ज्येष्ठमधाची ५० ग्रॅम पूड, चमचाभर सुंठ, वरून दोन चमचे रानचा मध. पाक गोळीबंद झाला, म्हणजे पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळली, तेव्हा गॅस बंद केला. हाताला तूप लावून गोळ्या वळल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या. रात्री त्या दिसायला सुबक होत्या. सकाळी डबा उघडला तर आत डब्याच्या आकाराची एक ढेप.

लाडूच्या पाकाची सवय इथे नडते. लाडवाला गोळीबंद पाक पुरतो, कारण त्यात कोरडा जिन्नस असतो, तो ओल धरून ठेवतो. घशाच्या गोळीत पाकच सगळं काही असतो. गोळीबंद पाक म्हणजे साधारण ११८ ते १२० अंश सेल्सिअस, आणि त्या टप्प्यावर शंभरातला दहा-बारा भाग पाणीच असतं. गोळी काचेसारखी कडक राहायची तर पाणी दोन-तीन टक्क्यांवर यावं लागतं. त्यासाठी पाक १४५ अंशांच्या पुढे न्यावा लागतो. मधला पंचवीस अंशांचा टप्पा राहून गेला होता.

वाटीभर ताज्या रसानं पाणी वाढवलं ते वेगळंच. मधानं तर उलटं काम केलं. मधात फळसाखर भरपूर असते, आणि साखरेच्या प्रकारांत हवेतली ओल ओढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. शिवाय एवढ्या तापात मधाचा वास आणि गुण दोन्ही उडतात. मध द्यायचाच असेल तर सुंठीच्या चिमटीबरोबर वेगळा चाटायला द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र तोही देऊ नये. मधातल्या काही जंतूंची बीजं साध्या उकळीनंही मरत नाहीत आणि तान्ह्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात.

५० ग्रॅम ज्येष्ठमधाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण घरच्या औषधात ‘जास्त घातलं तर जास्त गुण’ ही चूक सर्रास होते. ज्येष्ठमधाला गोडी देणारा ग्लायसिरायझिन हा घटक अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम घटवतो आणि रक्तदाब चढवतो. युरोपीय संघाच्या अन्नविषयक शास्त्रीय समितीनं २००३ मध्ये रोज घेण्यासाठी त्याची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरली. मुळीत हा घटक ५ टक्के आहे असं मानलं, तर या घाण्यातल्या एका गोळीत सुमारे १४ मिलिग्रॅम बसतो. चार गोळ्यांचं ठीक. पण पहाऱ्यावरचा माणूस गोळ्या मोजून खात नाही. सात-आठ गोळ्यांत मर्यादा ओलांडली जाते, आणि साठीच्या पुढच्या टाळकऱ्यांत रक्तदाबाची गोळी चालू असलेले असतातच.

दुसरा घाणा : कडक, आणि कडू

पहिल्याचा धडा घेऊन दुसरा घाणा मोठ्या आचेवर चढला. गूळ, पाणी आणि सगळ्या पुडी सुरुवातीलाच एकत्र. कढई पातळ बुडाची. पाक भराभर चढला, फेस कढईच्या काठाशी आला, आच थोडी कमी करून पुन्हा वाढवली. गोळी कडक झाली यात वाद नाही. तोंडात टाकल्यावर एक टाळकरी म्हणाले, “माऊली, ही गोळी की डांबर?”

गुळाचा पाक साखरेच्या पाकाच्या आधी जळतो. गुळात नुसती साखर नसते. मळी, क्षार, थोडी प्रथिनं असतात, आणि ती बुडाला बसून आधी करपतात. म्हणून गूळ आधी विरघळवून पातळ फडक्यातून गाळायचा आणि मगच शिजवायचा. फडक्यावर उसाची चिपाडं, रेती, कधी गोणपाटाचा धागासुद्धा निघतो. दुसरं, रंगावरून अंदाज घेता येत नाही. साखरेचा पाक सोनेरी झाला की कळतं, गूळ मुळातच तपकिरी. करपल्याचा वास नाकाला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तिसरं, पुडी. सुंठ, लवंग, वेलचीचा जो वास घशात सुखावतो तो उडून जाणारा असतो. वीस मिनिटं १०० अंशांच्या वर उकळल्यावर स्वयंपाकघर घमघमतं आणि गोळीत मागे उरतो तो भुसा, तोही जळलेला.

फेस का आला हे त्या घरात कोणाला कळलं नव्हतं. ज्येष्ठमध पाण्यात उकळला की साबणासारखा फेसाळतो, तो त्यातल्या ग्लायसिरायझिनचा स्वभाव आहे. पाकाच्या चौपट आकाराची कढई घेतली की प्रश्न मिटतो.

तिसरा घाणा : दिसायला नीट, दुपारी घामेजलेला

आता थर्मामीटर आला. मिठाईचा, काचेचा, २०० अंशांपर्यंतचा. पाक १४८ अंशांवर उतरवला. पण त्याआधी दोन गोष्टी झाल्या होत्या. पाक साखरू नये म्हणून दोन लिंबं पिळली होती, आणि चिक्कीच्या सवयीनं शेवटी पाव चमचा खायचा सोडा टाकला होता.

गोळ्या छान फुगल्या, हलक्या झाल्या, दातांखाली कुर्रकन फुटल्या. घड्याळ लावून पाहिलं तर न चावता तोंडात दोन मिनिटांत संपत होत्या. नेमका इथंच गोळीचा हेतू हुकतो. घशाची गोळी घसा बरा करत नाही. ती तोंडाला लाळ सोडायला लावते, गिळण्याची क्रिया चालू ठेवते आणि गोडसर, दाटसर लाळेचा थर कोरड्या घशावर पुन्हा पुन्हा फिरवते. हे काम जितका वेळ चालेल तितका आराम. दोन मिनिटांची गोळी आणि आठ मिनिटांची गोळी यांत सुंठ-लवंग सारखीच असली तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सोड्यानं गोळीत बुडबुडे भरले, लाळ आत शिरायला वाट मिळाली. चिक्कीला तो खुसखुशीतपणा हवा असतो, इथे नको.

लिंबाचं गणित जरा वेगळं. आंबट पदार्थ उकळत्या साखरेचे दोन तुकडे करतो, द्राक्षसाखर आणि फळसाखर. थोडे तुकडे झाले तर पाक साखरत नाही, हे खरं. पण गुळात असे तुकडे मुळातच दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात असतात. त्यात दोन लिंबं म्हणजे ओल ओढणारी साखर आणखी वाढवणं. त्यातही श्रावणातला गूळ. गुऱ्हाळं चालतात ती साधारण दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत. ऑगस्टमध्ये घरात येतो तो चार-सहा महिने ठेवलेला, कडेनं पाझरलेला गूळ. या घाण्यात ढेपेचा बाहेरचा, ओला, चिकट भाग आधी संपवायचा म्हणून तोच वापरला होता.

शेवटची चूक भरण्याची. गोळ्या हाताला कोमट लागत असतानाच प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात गेल्या. आतल्या वाफेचं झाकणाला पाणी झालं, ते परत गोळ्यांवर उतरलं. दुपारी प्रत्येक गोळीच्या अंगावर घाम. आतून कडक, बाहेरून चिकट.

चौथा घाणा

जमलेल्या घाण्याचं माप हे :

ढेपेच्या आतला कोरडा, फोडताना खडा निघणारा गूळ ३०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम. ज्येष्ठमधाच्या काड्या ठेचून १० ग्रॅम, सावलीत वाळवलेली तुळशीची पानं मूठभर, बेहड्याची साल ५ ग्रॅम, पाणी ४०० मिली. पुडी : सुंठ ८ ग्रॅम, काळी मिरी २ ग्रॅम, लवंग दीड ग्रॅम (वीसेक लवंगा), वेलचीदाणे दीड ग्रॅम. ताटाला लावायला तूप चमचाभर. घोळायला आरारूट ३ चमचे.

साखर घालायला थोरल्या जावेची तयारी नव्हती. सगळी गुळाचीच गोळी हवी, साखर म्हणजे भेसळ. थंडीत, मार्गशीर्षात, फक्त गुळाच्या गोळ्या चालून जातील. पावसात पाच भागांत दोन भाग साखर घातली की ओल ओढणारी साखर त्याच प्रमाणात पातळ होते, आणि चवीला गूळच पुढे राहतो. लिंबू नाही, सोडा नाही, मध नाही.

अडुळसाही काढला. त्याचा कडूपणा गोळीत बसत नाही, लोक थुंकून टाकतात. आणि पोटुशी बाई घरात असेल तर तो न वापरलेलाच बरा, गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका सांगितला जातो. सप्ताहाची गोळी कोणाच्या हातून कोणाच्या तोंडात जाईल याचा भरवसा नसतो.

काढा आधी. ठेचलेला ज्येष्ठमध, तुळस, बेहडा तासभर पाण्यात भिजवून मंद आचेवर ४०० मिलीचं १५० मिली होईपर्यंत आटवायचं, कापडातून घट्ट पिळून गाळायचं. हाच काढा पाकाचं पाणी. त्यात गूळ आणि साखर विरघळवायची आणि पुन्हा एकदा गाळायची. वेगळं पाणी घालायचं नाही. औषध काढ्यातून येतं आणि पाणी पुढे सगळं उडून जातं, म्हणून रस किंवा पूड भसाभस ओतण्यापेक्षा हा मार्ग स्वच्छ. या मापानं एका गोळीत ज्येष्ठमधाचा तो घटक फार तर ३ मिलिग्रॅम येतो, चार गोळ्यांत १२.

आता थर्मामीटरची दुरुस्ती, जी बहुतेक पुस्तकी कृतींत सापडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, खानापूर त्याहून थोडं खाली. दर ३०० मीटरला पाणी जवळपास एक अंश आधी उकळतं. पाकाचंही तेच. म्हणून आधी नुसतं पाणी खळखळ उकळून त्यात थर्मामीटर धरायचा. या घरात तो ९८ दाखवत होता. शंभराला दोन कमी, तेव्हा पाकाच्या आकड्यातूनही दोन कमी करायचे. १४८ ऐवजी १४६ ला उतरवायचं. थर्मामीटरच थोडा चुकीचा असला तरी या एका चाचणीत तीही चूक धरली जाते. टोक बुडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर तो पाकाऐवजी कढईचं तापमान सांगतो.

जाड बुडाच्या मोठ्या कढईत मध्यम आच. साखर पुरती विरघळली की ढवळणं बंद. कडेला उडालेले थेंब ओल्या फडक्याच्या बोळ्यानं खाली पुसत राहायचं. ११० पर्यंत पारा रेंगाळतो, कारण पाणी उडत असतं. घाई करायचा मोह तेव्हाच होतो. १३० ला आच अगदी बारीक. त्याच्या पुढचे सोळा अंश काही मिनिटांत निघून जातात. या वेळात दाराची बेल वाजली तरी कढई सोडायची नाही.

थर्मामीटर नसेल तर वाटीत माठातलं गार पाणी घेऊन त्यात पाकाची धार सोडायची. धागा वाकला तर वेळ आहे. कट्कन मोडला आणि तुकडा दाढेखाली धरल्यावर चिकटला नाही, की झालं. तोच तुकडा रिकाम्या स्टीलच्या वाटीत टाकून बघतात. चौथ्या घाण्यात धाकटीनं तो टाकला आणि आतून ओरडली, “अक्का, वाजलं बघा!” बारीक, कोरडा, काचेचा आवाज. मऊ पाकाचा तुकडा वाटीत पडताना थप् करतो. हा फरक एकदा कानात बसला की थर्मामीटर दुसऱ्या नंबरवर जातो.

गॅस बंद. पुडी वस्त्रगाळ केलेल्या हव्यात. भरड राहिली तर सुंठीची कुसळं घशाला ओरबाडतात, ज्याच्यासाठी गोळी करायची त्यालाच. पावसाळ्यात पुडीही ओल धरतात, म्हणून कोमट तव्यावर मिनिटभर फिरवून घ्यायच्या. पाकाचे बुडबुडे बसले, पारा १३० च्या आसपास आला की पुडी भुरभुरून चार-पाच हात ढवळायचं. आधी टाकल्या तर वास उडतो, उशीर केला तर पाक आवळून येतो आणि गुठळ्या होतात.

तूप लावलेल्या दोन स्टीलच्या ताटांत अर्धा-अर्धा पाक. एक ताट कोमट तव्यावर ठेवलं, दुसरं कामाला घेतलं. कडा आधी थिजतात, त्या उलथन्यानं मध्यावर घडी घालत राहायचं. १४६ अंशांचा पाक कातडीला चिकटतो आणि झटकून जात नाही, म्हणून शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवूनच बसायचं आणि पोरांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. हाताला सोसवेल इतकं झालं की बोटाएवढी वळी करायची, तूप लावलेल्या कात्रीनं अडीच-अडीच ग्रॅमचे तुकडे पाडायचे आणि वळून किंचित दाबायचे. लहान बोराएवढी, पण चपटी. वाटोळी गोळी हसताना, खोकताना घशाकडे घरंगळते. एकटीनं हे काम होत नाही. तिसरी बाई शेजारून आली तेव्हा कुठे एक ताट थिजायच्या आत संपलं. एका घाण्याच्या साधारण १८० गोळ्या झाल्या. असे तीन घाणे करून ५४०.

गोळ्या चुलीजवळ कोरड्या फडक्याखाली पाऊण तास गार केल्या. पंखा लावला नाही, तो ओली हवाच अंगावर आणतो. हाताला पुरत्या गार लागल्यावर तव्यावर कोरडं परतून गार केलेल्या आरारूटमध्ये घोळवल्या. घोळण ओल अडवत नाही, गोळ्या एकमेकींना चिकटू देत नाही इतकंच. दुकानातली पिठीसाखर श्रावणात स्वतःच ढेकळं धरते, ती नको.

बरण्यांचा हिशोब

या प्रकरणात सर्वांत कामाची युक्ती पाकाची नव्हती, बरण्यांची होती. एक मोठा डबा दिवसातून पन्नास वेळा उघडला जातो, प्रत्येक वेळी श्रावणाची हवा आत जाते. त्याऐवजी काचेच्या, फिरकीच्या झाकणाच्या सात बरण्या, प्रत्येकीत ७२ गोळ्या, एका दिवसाला एक. प्रत्येक गोळी बटर पेपरात पिळून, बरणीच्या तळाशी कोरड्या भाजलेल्या तांदळाची फडक्यातली पुरचुंडी. ज्या दिवसाची बरणी त्या दिवशीच उघडायची. उरलेल्या ३६ गोळ्या वेगळ्या.

चार बरण्या शेवटपर्यंत कोरड्या राहिल्या. पाचवीचं झाकण जागरात कोणीतरी नुसतं टेकवून ठेवलं, पहाटे काकड्याला गोळी कागदासकट निघेना. सहावी, सातवी ठीक. चौथ्या घाण्याची गोळी न चावता सात ते आठ मिनिटं पुरत होती.

देताना काही नेम पाळले. कीर्तनाला उभं राहण्याच्या तोंडावर गोळी नाही. साखरेनं लाळ दाट होते आणि पहिलं चरण अडखळतं. गोळी पहाऱ्याआधी अर्धा तास, मग दोन घोट कोमट पाणी. पुदिन्याचं फूल (मेन्थॉल) घालावं का, असा प्रश्न आला होता. घातलं असतं तर एका घाण्याला अर्धा ग्रॅमच्या वर नको होतं, पण गाणाऱ्यांसाठी ते न घालणंच बरं. त्यानं घसा गार आणि बधिर होतो, बधिर घशाला ताण कळत नाही, माणूस वरच्या पट्टीत ओरडत राहतो. अमृतधारा तर अजिबात नाही, तिच्यात कापूर असतो, आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

पाच वर्षांखालच्या मुलांना गोळी दिली नाही, अडकण्याच्या भीतीनं. त्यांना तोच पाक गोळीबंद होण्याआधी काढून कोमट पाण्यातून. मधुमेहाचे दोघे होते. चार गोळ्या म्हणजे नऊ-दहा ग्रॅम साखर, त्यांना भाजलेल्या बेहड्याची साल तोंडात धरायला दिली. ही जुनी पद्धत, साखरेशिवाय लाळ सोडवते. रक्तदाबाच्या एका आजोबांनाही तीच. दोघा टाळकऱ्यांना ताप होता, गिळताना कळ आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके. त्यांना गोळी न देता खानापूरला डॉक्टरांकडे पाठवलं. असा घसा, विशेषतः मुलांचा, गोळीवर रेटला तर पुढे सांध्यांचा आणि हृदयाच्या झडपांचा आजार ओढवू शकतो. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेलाच राहिला, लाळ गिळवेना किंवा श्वासाला घरघर लागली, तर तेही गोळीचं काम नव्हे.

पहिल्या घाण्याची ढेप टाकली नव्हती. बत्त्यानं फोडून ती दोन पहाटे मिळून ऐंशी कप सुंठीच्या चहात विरघळली, रक्तदाबवाल्यांचा चहा तेवढा वेगळा. तिसरा घाणा हरिपाठाच्या पोरांनी घामेजलेलाच संपवला. दुसरा मात्र कशातच खपेना. कढईतली त्याची काळी साय सुटायला तीन दिवस भिजवावी लागली, आणि ती कढई आता त्या घरात पाकाला कोणी घेत नाही.